सेन्सर आणि बुद्धिमान अल्गोरिदम या क्षेत्रात पीएच.डी.: प्रश्न निवडण्यापासून प्रवेशापर्यंत

सेन्सर आणि अल्गोरिदम यांच्या सीमेवरच्या विषयात पीएच.डी. करू इच्छिणारे विद्यार्थी सहसा दोन प्रश्नांपासून सुरुवात करतात: आयआयटीत प्रवेश मिळेल का आणि फेलोशिप किती मिळेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु या क्षेत्रात त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे मोजमापाच्या साखळीत आपले काम नेमके कोठे असणार. सेन्सरमध्ये एखादी भौतिक किंवा रासायनिक राशी विद्युत संकेतात बदलते, तो संकेत इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून जाऊन आकड्यांत उतरतो, आणि त्या आकड्यांवरून अल्गोरिदम काही निष्कर्ष काढतो. या तीन कड्यांपैकी कोणत्या कडीत नव्या ज्ञानाची भर घालायची, हे ठरले की विभाग, मार्गदर्शक, प्रवेश परीक्षा आणि काही प्रमाणात निधीसुद्धा त्याच निर्णयातून ठरत जातो. ते न ठरवता अर्ज करणाऱ्याची मुलाखत बहुधा ‘मला एआय आणि आयओटीमध्ये रस आहे’ या वाक्यापाशीच अडते.

आधी प्रश्न निवडावा

एक उदाहरण सविस्तर पाहू. नाशिक, सांगली आणि सोलापूर भागातील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला किंवा दव जास्त पडले की केवडा रोगाची, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूची, धास्ती असते. या रोगाच्या बीजाणूंना पानावर शिरकाव करण्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. त्यामुळे पान किती तास ओले राहिले आणि त्या काळात तापमान किती होते, यावर संसर्गाची शक्यता बरीच अवलंबून असते. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हा बागायतदाराचा रोजचा प्रश्न या मोजमापाशी जोडलेला आहे. या एकाच समस्येतून तीन अगदी वेगवेगळे प्रबंध निघू शकतात.

पहिला प्रबंध सेन्सरचा. पानाचा ओलावा मोजणारी उपकरणे बहुधा सपाट पट्टीच्या रूपात असतात आणि पट्टीवर पाणी साचल्यावर तिची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, बदलते, या तत्त्वावर चालतात. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक नेहमीच्या तापमानाला सुमारे ८० आणि हवेचा जवळजवळ १ असल्याने हा बदल सहज पकडता येतो. अडचण अशी की पट्टी म्हणजे पान नव्हे. तिची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता वेगळी, पृष्ठभाग वेगळा, झुकाव वेगळा. त्यामुळे ती पानापेक्षा लवकर किंवा उशिरा वाळते. त्यातच बोर्डो मिश्रणासारख्या फवारणीचा थर तिच्यावर बसला की कोरड्या पट्टीचे मापही हळूहळू सरकू लागते. येथे संशोधन होते ते पदार्थ, लेपन आणि इलेक्ट्रोडच्या रचनेवर.

दुसरा प्रबंध सर्किटचा. धारितेतील सूक्ष्म बदल तापमानाच्या चढउतारातून वेगळा काढणे, ते मोजमाप लहान बॅटरीवर एकाहून अधिक हंगाम चालवणे, आणि बांधावरून पाठवलेला आकडा दूरच्या गेटवेपर्यंत, म्हणजे माहिती गोळा करून इंटरनेटवर टाकणाऱ्या उपकरणापर्यंत, पोचवणे हे त्याचे विषय. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येत असल्याने लोरासारखी कमी ऊर्जेत लांबवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत येथे सोयीची पडते; पण केवळ लोरा मॉड्यूल जोडले म्हणजे संशोधन झाले असे नाही. तो प्रकल्प झाला. मोजमाप कधी घ्यावे आणि कधी टाळावे हे उपकरणानेच ठरवावे, आणि तसे करताना अचूकता किती गमावली जाते हे सिद्ध करावे, असा प्रश्न मांडला तर त्यात पीएच.डी.चा ऐवज आहे.

तिसरा प्रबंध अल्गोरिदमचा. बागेत सेन्सर एकच आहे आणि क्षेत्र मोठे आहे. मग तापमान, आर्द्रता आणि वारा यांच्या आधारे इतर ओळींतील ओलाव्याचा अंदाज कसा बांधावा, त्या अंदाजातील अनिश्चितता किती, आणि निफाडच्या मांडवावरील बागेत शिकवलेले मॉडेल तासगावच्या वाय पद्धतीच्या बागेत टिकते का? या तिसऱ्या प्रबंधातला सर्वांत खर्चीक भाग संगणक नसून सत्य निरीक्षणे हा असतो. रोग खरोखर कोणत्या दिवशी दिसला, हे प्रशिक्षित माणसाने बागेत फिरून नोंदवावे लागते. अशा नोंदी हंगामाप्रमाणेच मिळतात आणि हंगाम चुकला की वर्ष जाते. म्हणूनच पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या संस्थेचा सहमार्गदर्शक मिळवणे हे एखादे नवे न्यूरल नेटवर्क शिकण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

बहुतेक विद्यार्थी तिसरी कडी निवडतात, कारण तिला लॅपटॉप पुरेसा वाटतो. माझ्या मते ही निवड डोळसपणे करावी. यंत्रांच्या बेअरिंगमधील दोष कंपनांवरून ओळखण्याच्या विषयात केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा खुला डेटासेट वर्षानुवर्षे वापरला जातो. त्यातील दोष विद्युत ठिणगीने मुद्दाम कोरलेले आहेत आणि बेअरिंगची संख्या मोजकी आहे. एकाच नोंदीचे तुकडे करून काही प्रशिक्षणाला आणि काही चाचणीला वापरले की अचूकता शंभर टक्क्यांच्या जवळ जाते. पण मॉडेल तेव्हा दोष ओळखत नसते, ते विशिष्ट बेअरिंग ओळखत असते. प्रशिक्षण आणि चाचणी यांची विभागणी तुकड्यांवर न करता बेअरिंगवर, बागेवर किंवा रुग्णावर केली की आकडा खाली येतो आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो. आपल्या आवडीच्या विषयातील शोधनिबंध वाचताना विभागणी कशी केली आहे हे पाहण्याची सवय लावली, तर संशोधनाची पोकळी शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

पूर्वतयारी

प्रवेशाआधीचे वर्ष गणित आणि मोजमाप या दोहोंना द्यावे. रेषीय बीजगणित, संभाव्यता, सिग्नल आणि सिस्टिम्स, नॉइजचे प्रकार, आणि अनुमानशास्त्राची तोंडओळख हा पाया आहे. १९६० मध्ये मांडला गेलेला काल्मन फिल्टर, म्हणजे सदोष मोजमापांतून खऱ्या स्थितीचा अंदाज बांधणारी गणिती पद्धत, आजही सेन्सरच्या कामात सर्वत्र दिसतो. तो वापरण्यापुरता नव्हे, तर कागदावर सिद्ध करता येईल इतका समजून घ्यावा. त्याच्या जोडीने एक लहान मोजमाप स्वतः करून पाहावे. ईएसपी३२ सारख्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरला तापमान किंवा कंपनाचा सेन्सर जोडावा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील प्रमाणित उपकरणाशेजारी तो काही आठवडे चालवावा आणि दोन्हींतील फरकाचा आलेख काढावा. तो फरक तापमानामुळे आहे, कालौघात होणाऱ्या ड्रिफ्टमुळे, म्हणजे माप हळूहळू सरकल्यामुळे, आहे की वायरिंगमुळे, याचा छडा लावताना जे कळते ते मुलाखतीत कामी येते.

वाचनासाठी आयईईई सेन्सर्स जर्नल, आयईईईचे इन्स्ट्रुमेंटेशन अँड मेजरमेंट या विषयाचे ट्रान्झॅक्शन्स आणि सेन्सर्स अँड ॲक्च्युएटर्स ही नियतकालिके पाहावीत. शेवटच्याचा ए विभाग भौतिक सेन्सरसाठी आणि बी विभाग रासायनिक सेन्सरसाठी आहे. प्रथम एखादा आढावा लेख, मग त्यात उल्लेखलेले मूळ निबंध, असा क्रम ठेवावा.

संस्था आणि विभाग कसे शोधावेत

या विषयाला एकच विभाग नाही, ही सोयही आहे आणि अडचणही. मुंबईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी विभाग, सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंगचे केंद्र आणि मशीन इंटेलिजन्स अँड डेटा सायन्सचे केंद्र अशा तीन दारांतून जवळचे विषय मिळू शकतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनो सायन्स अँड इंजिनिअरिंगचे केंद्र, इन्स्ट्रुमेंटेशन अँड अप्लाइड फिजिक्स विभाग आणि सायबर-फिजिकल सिस्टिम्ससाठीचे, म्हणजे संगणक आणि भौतिक यंत्रणा यांची सांगड घालणाऱ्या प्रणालींसाठीचे, रॉबर्ट बॉश केंद्र ही नावे पाहावीत. ज्याची कडी पहिली आहे त्याने क्लीनरूम, म्हणजे सूक्ष्म उपकरणे घडवण्यासाठीची धूळमुक्त प्रयोगशाळा, असलेली संस्था निवडावी; ज्याची तिसरी आहे त्याला क्लीनरूमच्या शेजारी बसून काही लाभ नाही.

क्लीनरूम नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी मात्र निराश होण्याचे कारण नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम, म्हणजे आयएनयूपी, हा बाहेरच्या संशोधकांना मुंबईची आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था इत्यादी ठिकाणच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा प्रस्ताव मंजूर झाल्यावर वापरू देतो. कोल्हापूर किंवा नांदेड येथे नोंदणी असलेला संशोधकही या मार्गाने स्वतःचा सेन्सर घडवू शकतो.

महाराष्ट्रात याखेरीज नागपूरचे व्हीएनआयटी, पुण्याचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ, गिरीनगर येथील संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील डीआयएटी, मुंबईचे व्हीजेटीआय, लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नांदेडचे एसजीजीएस हे पर्याय आहेत. पुण्यातील सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी प्रयोगशाळा गॅस सेन्सरमध्ये रस असलेल्यांनी पाहण्याजोगी आहे. गोव्यात आयआयटी, एनआयटी आणि बिट्स पिलानीचा परिसर अशा तिन्ही संस्था आहेत. राज्याबाहेर सीएसआयआरच्या दोन प्रयोगशाळा या विषयाच्या अगदी मध्यावर येतात: पिलानीची सीरी आणि चंदीगडची सीएसआयओ. तेथील पीएच.डी. ॲकॅडमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्च या संस्थेमार्फत मिळते.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३,६६० कोटी रुपयांच्या सायबर-फिजिकल सिस्टिम्सच्या राष्ट्रीय मोहिमेस मंजुरी दिली आणि तिच्यातून देशभरात २५ तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीतील केंद्र इंटरनेट ऑफ थिंग्जवर, तर हैदराबादच्या आयआयटीतील केंद्र स्वयंचलित वाहने व ड्रोनवर काम करते. या केंद्रांच्या संकेतस्थळांवर डॉक्टरल फेलोशिपच्या आणि प्रकल्पपदांच्या जाहिराती येत असतात.

पात्रता, परीक्षा आणि वेळापत्रक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असणारा विद्यार्थी पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरतो. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे, त्यानंतर पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क पूर्ण करावा लागतो. नोकरी करणाऱ्यांना मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्रावर अर्धवेळ नोंदणीची मुभा या नियमांत आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचे नियम स्वतंत्र असून अनेक आयआयटींत बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो.

परीक्षांमध्ये गेट सर्वांत उपयोगी. तिचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, नोंदणी साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. पेपर निवडताना पुन्हा कडीचाच विचार करावा: इन्स्ट्रुमेंटेशनसाठी आयएन, इलेक्ट्रॉनिक्ससाठी ईसी, आणि २०२४ पासून सुरू झालेला डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेचा डीए. ज्या विभागात जायचे आहे तो कोणते पेपर ग्राह्य धरतो हे नोंदणीपूर्वीच त्याच्या माहितीपत्रकात तपासावे, कारण डीए पेपर दिलेला विद्यार्थी इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्रयोगशाळेच्या दारातून परत फिरण्याची शक्यता असते. यूजीसी नेटमध्ये अभियांत्रिकी असा विषय नसला तरी इलेक्ट्रॉनिक सायन्स आणि कॉम्प्युटर सायन्स हे विषय आहेत, आणि त्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळू शकते. राज्य विद्यापीठांतील प्रवेश त्यांच्या स्वतःच्या पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश, परीक्षेतून किंवा नेटच्या गुणांवरून होतात.

आयआयटींत वर्षातून दोनदा प्रवेश होतात. जुलै सत्रासाठीचे अर्ज बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलच्या सुमारास, तर हिवाळी सत्राचे ऑक्टोबरच्या आसपास मागवले जातात. दुसऱ्या फेरीकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात. ज्यांनी नोकरी सोडलेली नाही त्यांना ती अनेकदा अधिक सोयीची असते.

निधी

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० आणि एसआरएफची, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिपची, ४२,००० रुपये आहे. आयआयटींतील टीचिंग असिस्टंटशिपही याच पातळीवर असते. प्रधानमंत्री संशोधन फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढील दोन वर्षे ८०,००० रुपये, शिवाय वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान अशी रचना होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांसाठी या योजनेत १०,००० फेलोशिप जाहीर झाल्या; त्यांच्या अटी अर्जाच्या वर्षीच्या अधिसूचनेतूनच पाहाव्यात, जुन्या माहितीवर विसंबू नये. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्था पीएच.डी. संशोधकांना फेलोशिप देतात. यांपैकी बहुतेकांना आधी विद्यापीठात नोंदणी झालेली असावी लागते, म्हणून पहिले काही महिने स्वतःच्या खर्चाची तजवीज असणे शहाणपणाचे.

प्रकल्पातून मिळणारे मानधन हा वेगळा प्रकार आहे. तेथे मार्गदर्शकाच्या प्रकल्पाची मुदत किती उरली आहे आणि ती संपल्यावर काय, हे विचारण्यात संकोच करू नये. तीन वर्षांच्या प्रकल्पात दुसऱ्या वर्षी रुजू होणाऱ्याने तर ते विचारलेच पाहिजे.

मार्गदर्शकाला पत्र

प्राध्यापकांना रोज अशी अनेक पत्रे येतात आणि त्यांतील बहुतांश एकाच साच्यातील असतात. चांगले पत्र दहा-बारा ओळींत संपते. त्यात आपण कोण, त्यांच्या कोणत्या अलीकडील निबंधातील कोणत्या मर्यादेवर आपल्याला विचार करायचा आहे, त्यासाठी आपण आतापर्यंत काय करून पाहिले आणि कोणत्या सत्रासाठी अर्ज करणार आहोत, इतकेच असावे. ‘आपल्या निबंधातील कॅलिब्रेशन एकाच हंगामातील आहे, दुसऱ्या हंगामात ते किती सरकेल, याचा अंदाज घेण्यासाठी मी माझ्याकडील नोंदी तपासल्या’ हे एक वाक्य ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ या प्रकारच्या परिच्छेदापेक्षा जास्त काम करते. ज्येष्ठ प्राध्यापकांकडे विद्यार्थी भरलेले असू शकतात. यूजीसीच्या नियमांखालील विद्यापीठांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधकांची मर्यादा आहे. नव्याने रुजू झालेले सहायक प्राध्यापक वेळ अधिक देतात आणि त्यांची प्रयोगशाळा उभी राहताना पाहायला मिळते, हा या क्षेत्रात मोठा फायदा आहे. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे. उपकरण बिघडल्यावर दुरुस्तीला किती काळ जातो, हे तेच सांगतील.

मुलाखत

समितीला प्रस्तावापेक्षा पाया पाहायचा असतो. आयगेनव्हॅल्यूचा भौमितिक अर्थ, नमुने घेण्याच्या वेगाची अट मोडल्यास काय होते, ऑप-ॲम्पमधील नॉइज कोठून येतो, अचूकता आणि पुनरावृत्तिक्षमता यांत फरक काय, बेझच्या नियमाने एखादे साधे उदाहरण सोडवा, अशा प्रश्नांची तयारी ठेवावी. आपल्या बी.ई. किंवा एम.टेक. प्रकल्पात वापरलेल्या प्रत्येक भागाची माहिती असावी. डेटाशीटमधील एखादा आकडा विचारला जातो आणि तेथे बऱ्याच जणांची तारांबळ उडते. उत्तर येत नसेल तर कसे शोधाल हे मोठ्याने विचार करत सांगावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीच्या चुकांची फार चिंता करू नये, आकृती काढून बोलावे.

परदेशातील मार्ग

युरोपात पीएच.डी. ही अनेक देशांत नोकरी असते. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांचा करार मिळतो. जर्मनीत विद्यापीठातील पदे बहुधा टीव्ही-एल ई १३ या वेतनश्रेणीत असतात आणि पद पूर्ण आहे की त्याचा काही हिस्सा, हे जाहिरातीत टक्क्यांत दिलेले असते, ते नीट वाचावे. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये सेन्सर, सिग्नल प्रोसेसिंग आणि मशीन लर्निंग यांची सांगड घालणारे प्रकल्प वारंवार दिसतात. त्यांची एक अट भारतीयांच्या पथ्यावर पडते: ज्या देशात जायचे तेथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे. ही पदे युराक्सेस या संकेतस्थळावर जाहीर होतात. फ्रान्समधील सीफ्र पद्धतीत संशोधक कंपनीच्या नोकरीत राहून प्रयोगशाळेत तीन वर्षे काम करतो. अमेरिकेतील अर्जांच्या मुदती बहुतांशी डिसेंबरच्या सुमारास असतात आणि तेथे पदव्युत्तर पदवीशिवायही प्रवेश मिळतो. घर फार दूर सोडायचे नसेल तर मुंबईतील आयआयटीबी-मोनॅश रिसर्च ॲकॅडमीत दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक आणि काही काळ ऑस्ट्रेलियातील वास्तव्य असा संयुक्त पर्याय आहे.

रुजू होण्यापूर्वी

प्रवेशपत्र हाती आल्यावर चार गोष्टी लेखी स्पष्ट करून घ्याव्यात. मानधन कोणत्या शीर्षाखाली आणि किती काळ मिळणार. आवश्यक उपकरण संस्थेत आहे की खरेदी व्हायचे आहे, कारण आयात उपकरणाच्या निविदेत वर्ष सहज निघून जाते. प्रत्यक्ष क्षेत्रातून, रुग्णालयातून किंवा कारखान्यातून माहिती घ्यायची असल्यास परवानगी कोण काढणार, आणि रुग्णांचा संबंध असल्यास नैतिकता समितीची मंजुरी कोठल्या टप्प्यावर लागणार. आणि शेवटी, माहितीची मालकी कोणाची. चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्याने यंत्रांच्या कंपनांच्या नोंदी दिल्या, पण गोपनीयतेच्या करारात त्या प्रसिद्ध करण्यास मनाई असली, तर प्रबंध पूर्ण होऊनही शोधनिबंध अडकतात. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी निनावी स्वरूपात प्रसिद्धीची परवानगी देणारे कलम त्यात घालून घ्यावे आणि त्याचा मसुदा संस्थेच्या संशोधन व विकास कार्यालयाकडून तपासून घ्यावा.